शहाणी मुलगी आवाज करत नाही

१७ जून, मंगळवार

चावली! घड्याळाच्या पट्ट्याच्या जरा वर दातांची अख्खी महिरप उठली आहे. नवऱ्याने पाहिलं आणि म्हणाला, "नवा पट्टा घेतलास का?" याला विनोद बरोबर अशाच वेळी सुचतात.

नवी मुलगी आली. चौथीतली, नऊ वर्षांची. वर्गात कुणालाच आवरत नाही म्हणून आजपासून अर्धा दिवस माझ्या खोलीत. माझी खोली म्हणजे जिन्याखालची. आधी तिथे चेंडू आणि चटया ठेवायचे, आता 'जास्त लक्ष लागणारी मुलं' ठेवतात. यंदा अजून ही एकटीच. शिक्षकांच्या खोलीत तिला भोंगा म्हणतात. मला राग आला होता नाव ऐकून. मग आवाज ऐकला!

मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलंय, "सहामाहीपर्यंत बघू. नाहीच जमलं तर निवासी शाळा." ती शाळा दिवसभराच्या प्रवासावर. आई नाही, वडील ट्रकवर असतात, सांभाळते ती मावशी. तिचं इस्त्रीचं दुकान आहे. दुकान बंद ठेवून ती कितीदा जाणार भेटायला? म्हणजे पोरीला तिथे टाकलं की टाकलंच.

१९ जून, गुरुवार

भिंतीवर नियम चिकटवले. मारायचं नाही. फेकायचं नाही. खोटं बोलायचं नाही. जो मोडेल त्याने कोपऱ्यातल्या खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसायचं.

भोंग्याने एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं. मग विचारलं, "तुम्हाला पण?"

"मला पण," म्हणाले मी. काय दुर्बुद्धी सुचली!

२३ जून, सोमवार

व्हायचं तेच झालं. तिने लिंबाची गोळी मागितली. जेवायच्या आधी नको म्हणून मी "संपल्या" म्हणून मोकळी झाले. बाईसाहेबांनी माझा खण उघडला. पुडी बाहेर काढली. नुसतं तिसऱ्या नियमावर बोट ठेवलं. गेले, बसले कोपऱ्यात. नेमक्या तेव्हाच मोठ्या बाई आल्या! मी भिंतीकडे तोंड करून, आणि भोंगा माझ्या खुर्चीत पाय हलवत. "काय चाललंय?" "शिक्षा," तिने सांगितलं. मोठ्या बाई आल्या पावली परत गेल्या.

पण आज ती पहिल्यांदा हसली. वरचा एक दात अर्धाच आलाय. एवढ्यासाठी मी रोज बसेन कोपऱ्यात.

२५ जून, बुधवार

कधी बिनसतं ते लक्षात येतंय. जेवणाच्या सुट्टीनंतर वर्गात 'डोकं बाकावर, डोळे बंद' असतं ना, तेव्हा. शेजारच्या मुलाच्या पापण्या बोटांनी ताणून उघडत होती. तो रडायला लागला. मग ही ओरडायला लागली, त्याच्या दुप्पट. खेळाच्या तासाला 'स्टॅच्यू' खेळताना जी मुलगी सर्वांत छान थिजली, तिलाच ढकलून पाडलं. खेळाचे सर म्हणाले, "हिला दुसऱ्याचं सुख बघवत नाही." डोकं बाकावर ठेवण्यात कसलं आलंय सुख?

शांतता हिला सोसत नाही, असं मी आपलं लिहून ठेवते. का ते कळत नाही.

१ जुलै, मंगळवार

आजपासून 'ठरवून दुर्लक्ष'. प्रशिक्षणात हे छान शिकवलं होतं. मूल ओरडतं ते लक्ष मिळावं म्हणून. तर लक्ष द्यायचंच नाही. डोळे खाली, चेहरा कोरा, उत्तर नाही, हलायचंही नाही. गप्प झालं की त्याच क्षणी तोंडभर कौतुक आणि तक्त्यावर एक तारा. ऐकायला सोपं आहे. करायला म्हणजे दगड व्हावं लागतं.

झाले दगड. मी मान खाली घालून बसले आणि तिचं सुरू झालं. "बाई. ओ बाई. बाई!" दंड धरून हलवला. वेणी ओढली. मग टेबलाखाली शिरून खालून माझ्या तोंडाकडे पाहिलं. किंकाळ्या तर अशा की वरच्या मजल्यावरून कुणीतरी पाय आपटले. शेवटी तिने बोटाने माझी पापणी वर उचलली. डोळ्यात पाणी आलं, पण हलले नाही. मला स्वतःचंच कौतुक वाटलं, खोटं कशाला लिहू.

मग आवाज चिरकला, बारीक झाला आणि थांबला. वर पाहिलं तर स्टुलावर बसलेली. हाताची घडी. पाठ ताठ.

"शहाणी गं माझी!" म्हणाले. तारा लावला. तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. असं कौतुक कुणी केलं नसेल कधी.

४ जुलै, शुक्रवार

आज ओरडणं कालच्या निम्मं. तारा. "शहाणी!"

९ जुलै, बुधवार

एकदाच ओरडली. मी मान खाली घातली मात्र, लगेच गप्प. पद्धत लागू पडली!

१६ जुलै, बुधवार

नाही ओरडली. दिवसभर नाही. वर्गातही नाही. 'डोकं बाकावर'च्या वेळी हाताची घडी घालून, डोळे टक्क उघडे ठेवून बसली होती म्हणे. मिटले नाहीत, पण कुणाला हातही लावला नाही. शिक्षकांच्या खोलीत जल्लोष. "भोंगा बंद पडला!" "बाई, तुमच्या हातात जादू आहे!" मोठ्या बाई खास जिन्याखाली आल्या. म्हणाल्या, "असंच राहिलं तर निवासी शाळेचा विषय बंद."

घरी येताना मी चक्क गुणगुणत होते.

२२ जुलै, मंगळवार

खोलीत मी एकटीच आहे असं वाटलं, म्हणून जांभई देत खुर्चीतच आळस दिला. ती समोर बसलेली होती! सकाळपासून.

२८ जुलै, सोमवार

तिचा स्कर्ट ओला. बाथरूमला जाऊ का, एवढं विचारलं नाही पोरीने. ओल्या कपड्यांत बसून राहिली, हाताची घडी घालून. मी कपडे बदलायला नेलं, तर वाटेत माझ्याकडे न बघता म्हणाली, "आवाज नाही केला मी."

लिंबाची गोळी दिली. घेतली. खाल्ली नाही.

दात पूर्ण आला असेल आता. दिसत नाही.

४ ऑगस्ट, सोमवार



कपाटाचं दार मी लावलं. जड दार आहे, लोखंडी, जोर लावून ढकलावं लागतं. ढकललं आणि पाठ फिरवून तक्ता काढायला गेले. मागे आवाज नाही, काही नाही. बराच वेळ मी तारे कापत बसले होते! तक्ता पुढे सरकवला, तर तिने तारा लावायला हात पुढे केला आणि कागदावर रक्त पडलं. मधलं बोट. नख काळंनिळं होऊन वर उचललं गेलेलं. दारात सापडलं होतं. माझ्याच हातून. मोठ्या माणसाने शाळा डोक्यावर घेतली असती. हिने बोट सोडवून घेतलं आणि स्टुलावर जाऊन बसली.

"अगं, ओरडायचं नाही का!" मीच ओरडले.

ती म्हणाली, "मी शहाणी आहे ना?"

विचारत होती. खरंच विचारत होती.

५ ऑगस्ट, मंगळवार

मावशीच्या दुकानात गेले. बोटाचं सांगायला, माफी मागायला. दुकान म्हणजे एक टेबल, एक इस्त्री आणि छतापर्यंत दुसऱ्यांचे कपडे. ती इस्त्री करत करतच बोलते. ती चिडेल म्हणून मी तयारीने गेले होते. ती चिडली नाही. म्हणाली, "बाई, बोट बरं होईल. पण पोर घरी पण बोलेनाशी झालीय. पुन्हा तसंच सुरू झालंय."

पुन्हा म्हणजे?

ती म्हणाली ते जसं आठवतंय तसं लिहिते. "माझी बहीण सकाळी चक्कर येते म्हणून पडली. पोर पाच वर्षांची. तिला म्हणाली, आई जरा पडते हं. तू शहाणी आहेस ना? शहाणी मुलगी आवाज करत नाही. मेहुणे ट्रकवर. मी संध्याकाळी सहज गेले. बघते तर पोर पलंगाशेजारी. हाताची अशी घडी. मला म्हणते, शू, आई झोपलीये."

इस्त्री तिने उभी करून ठेवली.

"आणि आम्ही काय केलं ठाऊक आहे? जो येईल तो तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, किती शहाणी पोर! दिवसभर आवाज नाही केला! मी पण म्हणाले, बाई. मी पण."

महिनाभर ती बोललीच नाही म्हणे. मग एका दुपारी मावशीचा डोळा लागला, आणि पोरीने पहिली किंकाळी फोडली. "तेव्हापासून आमच्याकडे दुपारी कुणी आडवं होत नाही. ती ओरडली की मी नुसती उठून बसते. मी उठले ना, की झालं तिचं. तेवढंच लागतं तिला."

तेवढंच लागतं! मी उठून बसले नव्हते. तिने पापणी उचलून पाहिली तरी हलले नव्हते. तिच्यासमोर रोज मेले मी, आणि ती गप्प बसली की तारा दिला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. एकच शब्द होता, आणि नेमका तोच घेऊन मी तिला रोज मारत होते.

निघताना मावशी दुकानाबाहेरपर्यंत आली. हळू आवाजात म्हणाली, "आणखी एक आहे. डॉक्टर म्हणाले होते, दुपारपर्यंत जीव होता. कुणी वेळेवर आणलं असतं तर वाचली असती. हे मी मेहुण्यांना पण सांगितलं नाही. पोरीला तर जन्मात कळायला नको. कळलं तर ती जगायची नाही."

मी म्हटलं, माझ्या तोंडून जाणार नाही.

१० ऑगस्ट, रविवार

नवरा दुपारी झोपला होता. मी पलंगाशेजारी उभी राहून त्याचं पोट वरखाली होतंय का ते बघत होते. किती वेळ, कोण जाणे. मध्येच थांबल्यासारखं वाटलं आणि मी त्याला गदागदा हलवलं. तो दचकून उठला. "जिवंत आहे गं मी!" मग माझं तोंड बघून जवळ बसवलं. म्हणाला, "त्या पोरीचं दुखणं तू घरी आणलंस."

खरं आहे. घरात जरा शांत झालं की मला कुणीतरी हाताची घडी घालून बसलेलं दिसतं. नळ टपकत होता, तो चालूच ठेवला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

तक्ता फाडला. ती बघत होती. घाबरली असावी, पण दाखवेल तर शपथ. मी म्हटलं, तारे बंद. तो शब्दही बंद. या खोलीत कुणी शहाणं नाही, मीही नाही.

समुपदेशक बाई महिन्यातून एकदा येतात. फोन केला. म्हणाल्या, "मी येईपर्यंत नवीन काही करू नका. ही जखम उघडायची तर नीट जागा बघून उघडावी लागते." येणार सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात! तोवर पोरीने पुन्हा बोट चिरडून घ्यायचं आणि मी बघत राहायचं? मला कुठला एवढा धीर.

१८ ऑगस्ट, सोमवार

खेळ शोधला. नाव 'उठवाउठवी'. मी टेबलावर डोकं ठेवणार, डोळे मिटणार. तिने हाक मारायची. मी उठायचं. बस्स. आधी तीनतीनदा सांगितलं, हे सोंग आहे, मी जागीच आहे. म्हणतात ना, झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. आमच्या खेळात उलटं. सोंग घेतलेली बाई हमखास उठणार!

"नक्की?" असं तोंडाने नाही विचारलं तिने, डोळ्यांनी विचारलं.

"नक्की. हाक मारली की कुणीही उठतं," म्हणाले.

डोकं ठेवलं. हाक आली नाही. एका डोळ्याने पाहिलं, तर हाताची घडी, आणि ओठ पांढरे. लगेच उठले. "बघ, उठले! हाक न मारताच उठले!" आज एवढंच.

२१ ऑगस्ट, गुरुवार

नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

मोठ्या बाईंनी बोलावलं. "तुम्ही तिला काय शिकवताय?"

"ओरडायला."

त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "पालकांच्या तक्रारी आत्ता कुठे थांबल्या आहेत. मी सगळ्यांना तुमचं उदाहरण देते. आणि तुम्ही सुखासुखी विस्तव पदरात घेताय? पुन्हा भोंगा सुरू झाला तर निवासी शाळा. मग माझ्याकडे यायचं नाही."

मी म्हटलं, गप्प बसून ती मरतेय. "मार्क बरे आहेत की," म्हणाल्या. त्या वाईट नाहीत. त्यांना शाळा चालवायची आहे. संताप गिळून मी जिन्याखाली परतले.

२६ ऑगस्ट, मंगळवार

टेबलावर ठोकलं! बोटाने, दोनदा. टक् टक्. मी अशी ताडकन उठले की खुर्ची पडली. ती एक पाऊल मागे सरली, मग पुढे आली. माझ्या दोन्ही पापण्यांना हलकेच बोट लावून पाहिलं. उघड्या होत्या.

पुन्हा, असं बोटानेच खुणावलं. पुन्हा उठले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हेच. मान मोडली माझी. नवऱ्याने शेक दिला आणि विचारलं, "कुस्ती?" म्हटलं, "जिंकले."

२९ ऑगस्ट, शुक्रवार

"उठा." इतकं हळू की भास वाटला. पण आवाज तिचाच, घोगरा, महिनाभर न वापरलेला.

घरी येऊन रडले. चांगलं रडले.

२ सप्टेंबर, मंगळवार

"बाई, उठा!" मोठ्याने. दर हाकेला मी उठते आणि ती जरा जास्त वेळ माझ्याकडे बघत बसते. काहीतरी जुळवतेय मनात. आज गोळी मागितली. मी म्हटलं, "खणात आहेत, पण जेवणानंतर." तिने तिसऱ्या नियमाकडे पाहून मान डोलावली, परीक्षकासारखी. नवा दात पूर्ण आलाय, जरा वाकडा.

रात्री घरभर सामसूम होती, तरी मला काही दिसलं नाही. बरं वाटलं.

३ सप्टेंबर, बुधवार

ओरडली! अगदी पहिल्यासारखी, जिना हलेल अशी. "बाई, उठाऽऽ!" उठले. दोघी हसत सुटलो. मोठ्या बाई धावत आल्या, दारात थांबल्या, आम्हाला बघून दार हळूच लोटून गेल्या.

मग ती हसायची थांबली. म्हणाली, "बाई, हाक मारली की कुणीही उठतं ना?"

"हो," म्हणून गेले.

"मग तेव्हा मी ओरडले असते तर आई उठली असती?"

"नाही," म्हणाले. "नाही गं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग उठली, भिंतीपाशी गेली आणि तिसऱ्या नियमावर बोट ठेवलं. काळं नख असलेलं बोट.

शपथ घ्यायला हवी होती. रागवायला हवं होतं. मी सवयीने उठले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. बसल्यावर कळलं, की हेच उत्तर झालं.

मागून स्टूल ओढल्याचा आवाज आला. तिने ते माझ्याशेजारी ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. हाताची घडी. तिने तर कुठलाच नियम मोडला नव्हता.